हृदयरोगी मुलांचा हिशेब ऑपरेशनपुरताच नको

दर हजार बाळांमागे साधारण आठ-नऊ बाळं हृदयात दोष घेऊन जन्माला येतात. कुणाच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र असतं, कुणाची झडप अरुंद असते. सगळ्यांनाच ऑपरेशन लागत नाही; काही लहान छिद्रं आपोआप बुजतात. पण वेळोवेळी तपासणी मात्र बहुतेकांना लागते, ऑपरेशननंतरसुद्धा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यात पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा, शाळेतली एकदा तपासायची, दोष सापडला तर मोफत उपचार करायचे, अशी ही योजना आहे. काम मोलाचं आहे. पण आपण आकडे विचारतो ते दोनच : किती मुलं तपासली आणि किती ऑपरेशनं झाली?

शेतीतलंच उदाहरण घ्या. मातीचे नमुने किती काढले, यावरून जमीन सुधारली की नाही ते कळत नाही. अहवाल शेतकऱ्याच्या हाती कधी पडला, त्याप्रमाणे खताची मात्रा बदलली का, हे पाहावं लागतं. दवाखान्यातल्या बाह्यरुग्ण तपासणीचंही तसंच आहे.

मग मोजायचं काय? पहिलं, संशय आल्यापासून टूडी इको होईपर्यंत किती दिवस गेले. छिद्र मोठं असेल आणि उशीर झाला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या निबर होतात. मग ऑपरेशनही करता येत नाही. दुसरं, दर खेपेला वजन, उंची आणि बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन यांची नोंद झाली का. औषधाची मात्रा वजनावर ठरते. मूल वाढलं आणि मात्रा जुनीच राहिली, तर औषध पुरं पडत नाही. तिसरं, लसी आणि दात. किडक्या दातातले जंतू रक्तात शिरून अशा हृदयाला बाधू शकतात. चौथं, धाप, ओठ निळे पडणं, दूध पिताना घाम येणं या खुणा आई-बापाला समजावून पुढची तारीख लिहून दिली का. आणि पाचवं, त्या तारखेला शंभरातली किती मुलं खरंच आली. इथं आलेली मुलं मोजून भागत नाही, यायला हवी होती ती सगळी धरावी लागतात.

अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिऑलॉजी या संस्थेनं मुलांच्या बाह्यरुग्ण तपासणीचे मापदंड तयार करून २०१७ साली प्रसिद्ध केले. आपल्याला सगळे उचलायची गरज नाही. वर सांगितलेले पाच रकाने एका वहीत बसतात.

कुणी म्हणेल, डॉक्टर कमी, गर्दी फार, त्यात ही नवी कागदं कशाला? पण मोजल्याशिवाय खोट कुठं आहे ते दिसणार कसं? ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची तारीख चुकली तर दोष त्यांच्यावर टाकणं सोपं आहे. वही ठेवली तर कळेल, की तारीखच मुळी हंगामात दिली होती. ती निघण्याआधीची देता आली असती.

सरपंच मंडळींनी आणि ग्रामपंचायतीनं एवढं करावं. मुलांची नावं न फोडता, तालुक्याचे हे पाच आकडे ग्रामसभेत मागावेत. आशाताईंकडे पुढच्या तारखांची यादी असावी. ज्या घरी असं मूल आहे, त्यांनी जुने कागद, इकोचा अहवाल एका पिशवीत जपून ठेवावा आणि दर खेपेला वजन लिहून मागावं. मागायला संकोच कशाला? मूल आपलं आहे.