एआय ब्राउझर वापरून बघताय? 'क्रोममधलं सगळं इकडे आणू का' या प्रश्नावर जरा थांबा

नवा ब्राउझर इन्स्टॉल करायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात तो एक साधा प्रश्न विचारतो: क्रोममधले बुकमार्क, हिस्टरी आणि सेव्ह केलेले पासवर्ड इकडे आणायचे का? घाईघाईत 'कंटिन्यू' दाबलं की काही सेकंदांत सगळा संसार नव्या घरात येतो. नेटबँकिंगचा पासवर्ड, ऑफिसचा ईमेल, लाइट बिलाची वेबसाइट, रात्री दोन वाजता शोधलेली आजाराची लक्षणं, सगळंच.

पूर्वीही फायरफॉक्समधून क्रोममध्ये जाताना हाच प्रश्न यायचा आणि तेव्हा कुणी फार विचार केला नाही. मग आताच एवढी चर्चा का? कारण 2025 मध्ये आलेले ब्राउझर पानं नुसती दाखवत नाहीत, ती वाचतातही. आणि परवानगी दिली तर तुमच्या वतीने क्लिकही करतात.

पर्प्लेक्सिटी या कंपनीने जुलै 2025 मध्ये 'कॉमेट' आणला. सुरुवातीला तो महागडी मेंबरशिप घेणाऱ्यांपुरताच होता, ऑक्टोबरमध्ये सगळ्यांसाठी फुकट झाला आणि नोव्हेंबरमध्ये अँड्रॉइडवर पोहोचला. 21 ऑक्टोबर 2025 ला ओपनएआयने 'चॅटजीपीटी अ‍ॅटलस' जाहीर केला, तो आधी फक्त मॅकसाठी. भारतात पर्प्लेक्सिटी हे नाव अनेकांना कळलं ते एअरटेलमुळे. जुलै 2025 मध्ये एअरटेलने आपल्या सुमारे 36 कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रोचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन मोफत देऊ केलं होतं. 'फुकट आहे, घेऊन टाक' म्हणत ज्यांनी ते चालू केलं, त्यांच्यासाठी कॉमेट ही पुढची पायरी होती.

वापरून बघितल्यावर काय दिसतं?

पहिला अनुभव ओळखीचाच असतो. कॉमेट आणि अ‍ॅटलस दोन्ही क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर उभे आहेत. त्यामुळे टॅब, शॉर्टकट, एक्स्टेंशन यांत फारसं नवं शिकावं लागत नाही. फरक आहे तो बाजूच्या पट्टीत. तिथे एक मदतनीस बसलेला असतो. चाळीस पानांची सरकारी अधिसूचना उघडा आणि 'यातलं माझ्या कामाचं सांग' म्हणा, तो सांगतो. पाच टॅबमध्ये पाच फ्रीज उघडे असतील तर तुलनेचा तक्ता करून देतो. ईमेल उघडा असेल तर उत्तराचा मसुदा लिहितो. त्यापुढची पायरी म्हणजे 'एजंट'. त्याला काम सांगायचं, मग तो स्वतः पानं उघडतो, फॉर्म भरतो, वस्तू कार्टमध्ये टाकतो.

हे उपयोगी आहे, यात वाद नाही. इंग्रजीतली किचकट कागदपत्रं मराठीत समजून घ्यायची असतील तर विशेषच. पण हे काम होतं कसं, तिथेच प्रायव्हसीचा प्रश्न सुरू होतो. एवढं मोठं एआय मॉडेल तुमच्या लॅपटॉपवर चालत नाही. पानाचा सारांश हवा असेल तर त्या पानावरचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जावा लागतो. पान वर्तमानपत्राचं असेल तर काही बिघडत नाही. पण ते पान म्हणजे तुमचा इनबॉक्स, ब्लड रिपोर्ट किंवा बँक स्टेटमेंट असेल तर?

जुन्या ब्राउझरचं काय, ते साधू होते का? अजिबात नाही. क्रोमच्या इनकॉग्निटोमध्येही माहिती गोळा होते, असा दावा करत 2020 मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला भरला गेला. एप्रिल 2024 मध्ये समोर आलेल्या समझोत्यानुसार गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं मान्य केलं. तरीही एक मोठा फरक आहे. कुकीजवर चालणारी जुनी पाळत प्रामुख्याने तुम्ही कुठल्या साइटवर गेलात हे टिपायची. लॉगिन केल्यावर आत काय दिसतं, ते ती साइट आणि तुमच्यातच राहायचं. एआय ब्राउझरचा मदतनीस मात्र लॉगिनच्या आत, तुमच्या शेजारी बसून वाचतो.

कंपन्यांना हा डेटा कशासाठी हवा, याचं उत्तर पर्प्लेक्सिटीचे सीईओ अरविंद श्रीनिवास यांनी एप्रिल 2025 मध्ये एका पॉडकास्टमध्ये बऱ्यापैकी मोकळेपणाने दिलं होतं. अ‍ॅपमध्ये लोक विचारतात ते प्रश्न बऱ्याचदा कामाचे असतात. माणूस काय विकत घेतो, कुठे जातो, काय बघत बसतो, हे अ‍ॅपच्या बाहेर कळतं. ब्राउझर बनवण्यामागचं एक कारण तेच आणि पुढे त्यातून अधिक नेमक्या जाहिराती दाखवता येतील, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. टीका झाल्यावर त्यावर खुलासेही आले. पण व्यवसायाचं गणित त्या एका उत्तरात स्पष्ट झालं होतं.

ओपनएआयने अ‍ॅटलस आणताना सांगितलं की, तुम्ही बघत असलेल्या पानांचा मजकूर मॉडेल शिकवण्यासाठी आपोआप वापरला जात नाही, त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. एखादं पान चॅटजीपीटीला दिसू नये म्हणून अ‍ॅड्रेस बारमध्येच बटण आहे. 'ब्राउझर मेमरीज' नावाची सोय तुम्ही काय बघितलं याच्या आठवणी ठेवते, ती बंद करता येते आणि साठलेल्या आठवणी पुसताही येतात. हे चांगलंच आहे. पण प्रत्येक संवेदनशील पानावर ते बटण आठवणीने दाबायचं ही जबाबदारी कुणावर येते? वापरणाऱ्यावर. आणि पासवर्डला स्वतःची जन्मतारीख ठेवणाऱ्यांच्या जगात ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

खरी डोकेदुखी: प्रॉम्प्ट इंजेक्शन

कंपनी प्रामाणिक आहे असं धरून चाललं तरी एक धोका उरतोच आणि तो समजायला ऑगस्ट 2025 मधलं एक प्रात्यक्षिक पुरेसं आहे. 'ब्रेव्ह' ब्राउझरच्या संशोधकांनी रेडिटवर एक कमेंट टाकली. त्यात माणसाला सहज दिसणार नाहीत अशा सूचना लपवलेल्या होत्या. कॉमेट वापरणाऱ्याने त्या पानावर फक्त 'सारांश दे' एवढंच सांगायचं. मदतनीस पान वाचायला गेला, त्याला त्या सूचना सापडल्या आणि तो मालकाचाच हुकूम समजून त्या पाळायला लागला. त्याने आधी पर्प्लेक्सिटीच्या खात्यातून ईमेल आयडी मिळवला, मग ओटीपी मागवला, लॉगिन असलेल्या जीमेलमध्ये जाऊन तो वाचला आणि ईमेल आयडी व ओटीपी दोन्ही त्याच रेडिट पानावर उत्तर म्हणून टाकले. माणसाने 'सारांश दे' यापलीकडे काहीच केलं नव्हतं.

'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आपण इतक्या वर्षांत हजारदा ऐकलंय. इथे तो माणसाने सांगितलाच नाही, ब्राउझरने परस्पर सांगून टाकला.

(ब्रेव्ह स्वतः ब्राउझर विकसित करणारी कंपनी आहे, म्हणजे कॉमेटची स्पर्धक. हे ध्यानात ठेवावं. पण प्रात्यक्षिक खरं होतं आणि पर्प्लेक्सिटीला दुरुस्ती करावी लागली.)

हा दोष एकट्या कॉमेटचा नाही. भाषेवर चालणाऱ्या मॉडेलसाठी मालकाची सूचना आणि पानावरचा मजकूर ही दोन्ही शेवटी वाक्यंच असतात. त्यातलं कुठलं पाळायचं आणि कुठलं नुसतं वाचायचं, हे त्याला दर वेळी खात्रीने ओळखता येत नाही. अ‍ॅटलस आल्यानंतर ओपनएआयचे सुरक्षाप्रमुख डेन स्टकी यांनी हा प्रश्न अजून सुटलेला नाही, असं जाहीरपणे मान्य केलं. डिसेंबर 2025 मध्ये तर कंपनीने लिहिलं की, ऑनलाइन फसवणुकीसारखाच हा प्रकार कधी पूर्णपणे संपेल अशी शक्यता कमी आहे. म्हणूनच अ‍ॅटलसचा एजंट बँकेसारख्या साइटवर थांबतो आणि तुमचं लक्ष आहे याची खात्री करतो. लॉगिन नसलेल्या अवस्थेतही त्याला काम देता येतं. त्याच महिन्यात गार्टनर या सल्लागार संस्थेने कंपन्यांना सांगितलं: तूर्तास एआय ब्राउझर ब्लॉक करा.

कंपन्यांचा आयटी विभाग ब्लॉक करेल. पण तालुक्याच्या गावातल्या सीए ऑफिसात, वकिलाच्या केबिनमध्ये, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर कोण ब्लॉक करणार? तिथे एकाच ब्राउझरमध्ये पन्नास लोकांचे पॅन, आधारच्या पीडीएफ आणि रिटर्न उघडलेले असतात. सोय एकाची होते आणि माहिती पन्नास जणांची पणाला लागते. त्या पन्नास जणांना कुणी विचारलेलंही नसतं. प्रायव्हसीच्या चर्चेत हा भाग जवळपास येतच नाही. व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडं ठेवून 'ग्रुपवर काय चाललंय ते थोडक्यात सांग' म्हटलं की ग्रुपमधल्या सगळ्यांचे मेसेज त्या कामाला जुंपले जातात.

कायदा मदतीला येईल का? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. डेटा कशासाठी घेतोय ते सोप्या शब्दांत सांगणं, संमती घेणं, ती मागे घेऊ देणं ही कंपन्यांची जबाबदारी आहे आणि दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. पण यातल्या मुख्य तरतुदी लागू व्हायला नियमांनी 18 महिने दिलेत, म्हणजे मे 2027 उजाडणार.

मग वापरायचा की नाही?

क्रोमवरच थांबून हा विषय टळत नाही. गूगलने सप्टेंबर 2025 पासून अमेरिकेत क्रोममध्येच जेमिनाय आणायला सुरुवात केलीय. तेव्हा वापरून बघायला हरकत नाही, पण दुसरा ब्राउझर म्हणून. बातम्या, खरेदीआधीची शोधाशोध, लांबलचक अहवाल यांसाठी तो ठेवा. बँक, डिजिलॉकर, इन्कम टॅक्स, मुख्य ईमेल हे जुन्याच ब्राउझरमध्ये राहू द्या आणि नव्यात त्यांचं लॉगिनच करू नका. जे खातं उघडंच नाही, तिथे फसलेला एजंटही जाऊ शकत नाही. इन्स्टॉल करताना पासवर्ड आयात करायचा पर्याय सोडून द्या. मेमरी आणि ट्रेनिंगची सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या. एजंटला काम दिलं तर स्क्रीनसमोर बसा, चहा करायला उठू नका.

आणि नाहीच पटला तर नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही. चॅटची हिस्टरी आणि आठवणी तुमच्या खात्याला जोडलेल्या असतात, लॅपटॉपला नाही. आधी खात्यात जाऊन त्या पुसा, आयात केलेले पासवर्ड असतील तर ते काढून टाका, महत्त्वाच्या खात्यांतून 'सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट' करा. अ‍ॅप त्यानंतर काढा.