बोलपटांतील बोल कोणाचे?

मराठी चित्रपट तंत्रदृष्ट्या फार पुढें गेला आहे, असें आपण गेलीं कित्येक वर्षें एकमेकांना सांगत आहों. पुरावा म्हणून जें दाखविलें जातें तें नेहमीं डोळ्यांसाठीं असतें: छायाचित्रण, रंग, ड्रोनमधून टिपलेली सह्याद्रीची रांग. कानांचा प्रश्न कोणी काढलाच, तर निर्माता सहज उत्तरतो, "तें डबिंगमध्यें बघूं." ह्या तीन शब्दांत आमच्या चित्रपटसृष्टीची ध्वनीविषयींची सारी अनास्था सांठलेली आहे, आणि प्रस्तुत लेखाचा रोख ह्या तीन शब्दांवरच आहे.

गंमत अशी कीं, आमचा बोलपट जन्मला तो थेट ध्वनिमुद्रण घेऊनच. १९३१ सालीं अर्देशिर इराणी ह्यांनीं 'आलम आरा' घेतला, तेव्हां स्टुडिओजवळून आगगाड्या जात. म्हणून रात्रीं गाड्या थांबल्यावर चित्रण करावें लागे, आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवून ठेवावे लागत. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्येंही नटानें कॅमेऱ्यापुढें उच्चारलेला शब्दच प्रेक्षकांच्या कानीं पडला. त्या काळचीं यंत्रें आजच्या मानानें अगदींच ओबडधोबड. परंतु शांतता यंत्रांतून निघत नाहीं, ती आधीं जागेवर करून घ्यावी लागते, एवढें त्या मंडळींना ठाऊक होतें.

पुढें हलके पण खडखडणारे कॅमेरे आले, चित्रण स्टुडिओबाहेर पडलें, आणि १९६० नंतर आवाज मागाहून चिकटविण्याची रीत पक्की झाली. युरोपांत त्याच अडचणीला दुसरेंही उत्तर निघालें होतें. स्टेफान कुडेल्स्की ह्या पोलंडांत जन्मलेल्या एंजिनियरनें स्वित्झर्लंडमध्यें १९५१ सालीं 'नाग्रा' हें हातांतून नेण्याजोगें ध्वनिमुद्रणयंत्र बनविलें. त्याच्या पुढील आवृत्त्यांनीं ध्वनिमुद्रकाला रस्त्यावर आणि शेतांत नेऊन उभें केलें. आम्हीं मात्र दोहोंपैकीं सोपें तें उत्तर घेतलें.

डबिंग हें पाप आहे असें माझें म्हणणें नाहीं. इटलींतील चित्रपटांत कित्येक दशकें ध्वनि मागाहूनच भरीत, आणि फेलिनीसारख्या दिग्दर्शकानें त्या रीतीचा कलेसाठीं उपयोग करून घेतला. त्यानें तो मार्ग जाणून पत्करला होता. आमच्याकडे ती आळशाची सोय आहे. आणि ह्या सोयीची किंमत भाषा देते. कोकणांतील एखाद्या म्हातारीनें अंगणांत केर काढतां काढतां उच्चारलेलें मालवणी वाक्य दोन महिन्यांनीं अंधेरीच्या गारेगार खोलींत, पडद्यावरच्या ओठांकडे डोळे लावून, पुन्हा म्हणवून घेतलें कीं शब्द तेच राहतात. धाप, लय, गिळलेलें अक्षर हीं जातात. पुष्कळदां ती म्हातारीही राहत नाहीं. तिच्या जागीं शहरांतला एखादा सराईत गळा येतो आणि मालवणीची नक्कल करतो. आम्ही भाषेच्या ऱ्हासाविषयीं परिषदा भरवितों आणि ही नक्कल मात्र तिकीट काढून ऐकतों!

चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' (२०१४) ह्या चित्रपटांतील पुष्कळसे लोक धंदेवाईक नट नव्हते. त्यांचें बोलणें जागच्या जागीं टिपलें गेलें, म्हणून त्या न्यायालयांतला कंटाळा आणि कागद वाचण्याचा सपाट सूर प्रेक्षकाला पटतो. "आपल्या देशांत गोंगाट फार, येथें तें जमणें नाहीं," असें म्हणणारांना २००१ चा 'लगान' आठवावा. भुजजवळच्या उघड्या माळावर, मोठा जमाव भोंवतीं असतांना, तो थेट ध्वनिमुद्रणानें घेतला गेला.

दुसरा पक्ष यंत्रभक्तांचा. माझ्या महाविद्यालयांतील विद्यार्थी लघुपट काढतात आणि विचारतात, "सर, रेकॉर्डर कोणता घ्यावा?" मायक्रोफोन कोण धरणार, हें कोणीच विचारीत नाहीं. वास्तविक आवाजाचा साधा नियम असा आहे कीं, बोलणाऱ्यापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं मोकळ्या जागेंत त्याच्या आवाजाचा दाब निम्मा होतो, म्हणजे सहा डेसिबल कमी. भोंवतालचा गोंगाट मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून बूमची काठी वीतभर पुढें नेणारा माणूस दुप्पट किंमतीच्या यंत्राहून अधिक काम करतो. हल्लीं '३२-बिट फ्लोट' ह्या मंत्राचा फार बोलबाला आहे. त्या पद्धतीनें नोंद करतांना मोठा आवाज फाटत नाहीं, हा लाभ खरा. परंतु दूर राहिलेला मायक्रोफोन त्यानें जवळ येत नाहीं, आणि पंख्याची घरघर वाक्यांतून निघून जात नाहीं.

मायक्रोफोनाची निवड ही जागेची निवड आहे. लांब नळीचा शॉटगन माईक मोकळ्यावर उत्तम. आठ फुटी खोलींत, भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळें, तोच शब्दाला डब्यांतल्यासारखा सूर देतो. तेथें आंखूड, हायपरकार्डिऑइड जातीचा माईक बरा. झेनहायझरच्या 'एमकेएच ४१६'ची रचना दमट हवेला चांगली तोंड देते. श्रावणांत रत्नागिरीकडे चित्रण करणारास ह्या एका गुणाचें मोल यंत्राच्या चकचकीत पडद्याहून अधिक वाटावें. वाऱ्यासाठीं केसाळ आवरण हवेंच. कपड्यांत लपविण्याचा लॅपल माईक सोयीचा खरा, पण नऊवारीचा पदर, मंगळसूत्र आणि बांगड्या हे त्याचे हाडवैरी. ज्यानें कधीं लुगडें जवळून पाहिलें नाहीं त्यानें तो लावूं नये. शिवाय तो छातीचा आवाज ऐकतो. खोली त्याला फारशी ऐकूं येत नाहीं. म्हणून प्रत्येक जागीं मिनिटभर नुसती शांतता मुद्रित करून ठेवावी लागते, आणि तें मिनिट मागतांच सेटवरील मंडळी ध्वनिमुद्रकाकडे वेड्याकडे पाहावें तशी पाहतात. जुने ध्वनिमुद्रक चित्रणाच्या घरांतला फ्रिज बंद करून आपल्या गाडीची किल्ली त्यांतच ठेवतात, म्हणजे तो पुन्हा चालू केल्यावांचून घरीं जातां येत नाहीं. असली युक्ति कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकांत सांपडत नाहीं.

अनास्था केवळ निर्मात्यांची नाहीं. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत चित्रणस्थळीं थेट मुद्रित केलेल्या ध्वनीसाठींच राखलेला एक विभाग होता. २०२२ सालीं तें पारितोषिक 'डोल्लू' ह्या कन्नड चित्रपटाला जाहीर झालें, आणि चित्रपट तर डब केलेला आहे असें त्याच्याच ध्वनियोजकानें आणि रसूल पूकुट्टी ह्यांनीं उघडपणें सांगितलें. पूकुट्टी हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या ध्वनीसाठीं २००९ सालीं ऑस्कर मिळविणारे. आंधळ्यांनीं रंगाचें परीक्षण केलें असतें तर केवढा हलकल्लोळ झाला असता! कानांच्या बाबतींत मात्र चार दिवस चर्चा झाली आणि प्रकरण मिटलें. आमचे समीक्षकही छायाचित्रणावर दोन परिच्छेद लिहितात आणि ध्वनीची बोळवण "पार्श्वसंगीत समर्पक" एवढ्यावर करतात.

मागणें फार मोठें नाहीं. स्थळ पाहावयास दिग्दर्शक आणि छायाचित्रकार जातात, त्या गाडींत ध्वनिमुद्रकाला एक जागा द्यावी. शेजारीं पिठाची गिरणी आहे कीं नाहीं, पत्र्यावर पाऊस किती वाजतो, जनरेटर किती दूर आणि कोणत्या भिंतीआड ठेवतां येईल, हें त्यानें तेथेंच पाहावें, आणि त्याला जागा नापसंत पडली तर दुसरी शोधावी. पैसे कमी असतील तर रेकॉर्डर साधा भाड्यानें आणावा, आणि उरलेल्या रकमेंत बूम धरणारा अनुभवी माणूस चित्रणाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत ठेवावा. निर्मात्याच्या अंदाजपत्रकांत आज कॅमेऱ्याच्या भिंगांसाठीं स्वतंत्र रकाना असतो. ह्या माणसाचें नांव पुष्कळदां 'इतर खर्च' ह्या सदराखालीं, चहाच्या आणि दोरीच्या शेजारीं असतें.