साथीच्या काळात मोडलेल्या हाडाचा वाली कोण?

2020 सालच्या महासाथीचे वर्णन करताना राज्यकर्त्यांना दोन गोष्टी सांगावयास आवडतात. एक, अल्पावधीत उभ्या केलेल्या खाटांचा आकडा. आणि दुसरी, डॉक्टर-परिचारिकांचा त्याग. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी गोष्टही तितकीच खरी आहे, पण ती कोणत्याही अहवालाच्या पहिल्या पानावर येत नाही. नव्या खाटा उभ्या राहात असताना जुन्या खाटा कोणाच्या गेल्या, हीच ती गोष्ट होय.

नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेले हे शहर. 1992 पासून त्याला स्वतःची महानगरपालिका आहे आणि 2011 च्या जनगणनेनुसार तिच्या हद्दीत 11 लाखांहून अधिक माणसे राहात होती. वाशीचा घाऊक बाजार, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने, दगडखाणी आणि अखंड चालणारी बांधकामे यांवर हे शहर उभे आहे. हे सर्व व्यवसाय शरीर झिजविणारे आहेत. पोते पाठीवरून घसरते, परात घेऊन चढणाऱ्याचा पाय बांबूच्या पराचीवरून निसटतो, यंत्रात बोटे सापडतात. अशा शहरात सार्वजनिक रुग्णालयातील हाडांचा विभाग ही चैन नव्हे. तो कामगाराच्या भाकरीचा आधार आहे.

2020 च्या वसंतात वाशीचे महापालिका रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवण्यात आले आणि इतर रुग्णांची सोय अन्यत्र लावण्याची वेळ आली. सिडकोच्या प्रदर्शन केंद्रात सुमारे 1,200 खाटांचे केंद्र उभारण्यात आले, हे योग्यच झाले. पण महापालिकेचे सर्वांत मोठे रुग्णालय एका रोगाला वाहून टाकल्यावर मांडीचे हाड मोडलेल्या हमालाने जावे कोठे? कळवा किंवा शीव हे नेहमीचे उत्तर. मार्चच्या अखेरीपासून लोकल गाड्या बंद होत्या आणि त्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी, तेही ठराविक वेळांत, खुल्या झाल्या 1 फेब्रुवारी 2021 रोजी. ज्याच्याजवळ मोटार होती त्याला खाडीपूल मोकळा होता. ज्याच्याजवळ नव्हती त्याला जवळचे खाजगी रुग्णालय किंवा हाडवैद्य.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शस्त्रक्रिया कमी करण्याचा वैद्यकीय निर्णय चुकीचा नव्हता. मे 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले की, शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्या रुग्णांपैकी जवळजवळ 24 टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाचे विकार जडले. त्यामुळे सांधेबदलासारख्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलणे शहाणपणाचेच होते. ठिकठिकाणच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी आपली कार्यपद्धती बदलली. बंद अस्थिभंगांपैकी जे प्लास्टरने जुळतील त्यांना चाकू लावायचा नाही. शक्य तेथे पूर्ण भूल टाळून फक्त तो अवयव बधिर करावयाचा. हाडात चालणाऱ्या यंत्राच्या करवतीने व गिरमिटाने उडणारे तुषार कमी करावयाचे. टाके आपोआप विरघळणारे घालावयाचे, म्हणजे रुग्णाची एक फेरी वाचते. हे बदल ज्यांनी घडविले त्यांच्याविषयी कोणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. हाडे बसविण्याचे शिक्षण घेणारे तरुण निवासी डॉक्टर त्याच काळात कोविड कक्षांत प्राणवायूच्या नळ्या सांभाळत होते.

प्रश्न वेगळाच आहे. विभागाने स्वतःला साथीनुरूप बदलणे ही एक गोष्ट आणि विभागच नाहीसा होणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीसाठी स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वतंत्र शस्त्रक्रियागृह, पुरेसा कायम सेवकवर्ग आणि एखादी राखीव इमारत लागते. ज्यांच्यापाशी हे होते त्यांनी बदल केले. ज्यांच्यापाशी नव्हते त्यांनी कुलूप लावले. वृद्धेचा मोडलेला खुबा दोन दिवसांत दुरुस्त झाला नाही, तर अंथरुणातच न्यूमोनिया तिला गाठतो. कातडी फाटून बाहेर आलेले हाड वेळीच धुतले गेले नाही, तर ते सडते. या रुग्णांना थांबवून ठेवता येत नाही. 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने दूरध्वनीवरून सल्ला देण्याची नियमावली काढली. ती उपयोगी ठरली, पण दूरध्वनीवरून हाड बसत नाही.

याला प्रस्थापितांचे उत्तर ठरलेले आहे: अशी आपत्ती कोणालाच अपेक्षित नव्हती, आणि नवी मुंबईत खाजगी रुग्णालयांची वाण कोठे आहे? पहिल्या भागाचे उत्तर 1946 सालीच भोर समितीने देऊन ठेवले आहे. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, यासाठी सरकारी आरोग्ययंत्रणेचे जाळे उभारावे, असे तिने सांगितले होते. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरील सार्वजनिक खर्च 2025 पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले. ते वर्ष आले आणि वचन कागदावरच राहिले. अनपेक्षित होता तो विषाणू. रुग्णालयांची वाण सर्वांना ठाऊक होती.

दुसऱ्या भागाचे उत्तर खुद्द राज्य सरकारनेच दिले. 21 मे 2020 च्या अधिसूचनेने खाजगी रुग्णालयांतील 80 टक्के खाटा नियंत्रणाखाली आणल्या आणि कोविड उपचाराचे दिवसाचे दर बांधून दिले: साधारण कक्षासाठी 4,000 रुपये, अतिदक्षता कक्षासाठी 7,500 आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह 9,000. उरलेल्या 20 टक्के खाटांना मालकांचे स्वतःचे दर होते. म्हणजे खाजगी क्षेत्र आपणहून धावून आले नाही, त्याला कायद्याने ओढून आणावे लागले. आणि साधारण कक्षाचा तो बांधलेला दरही रोजंदारीवरील माणसाच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढा होता. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना त्याच महिन्यात राज्यातील सर्वांना लागू झाली, हे स्वागतार्हच. पण विमा योजना बिल भागवते. ती शस्त्रक्रियागृह बांधीत नाही, परिचारिका नेमीत नाही. वाशीच्या त्याच महापालिका रुग्णालयाच्या इमारतीचा एक भाग साथीच्या कितीतरी वर्षे आधी खाजगी रुग्णालयाला भाडेपट्ट्याने देण्यात आला होता, हे विसरून चालणार नाही. सार्वजनिक भिंतींआड खाजगी गल्ला थाटला की संकटसमयी सार्वजनिक जागा अपुरी पडणारच.

साथ ओसरल्याने हाडांचे दुखणे संपले, असेही नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील तज्ज्ञांनी 2021 मध्ये कोविडनंतर मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते निर्जीव झालेल्या तीन रुग्णांची नोंद केली. तिघेही चाळिशीच्या आतले. त्यांना कोविडसाठी स्टेरॉइड देण्यात आले होते. हा विकार लवकर ओळखला गेला तर औषधांवर आवरता येतो. उशीर झाला तर सांधा बदलावा लागतो. लवकर ओळखण्यासाठी एम.आर.आय. हवा, आणि ज्याला ओझे उचलूनच पोट भरावयाचे आहे तो खुब्याचे दुखणे अंगावर काढतो. तेव्हा श्रीमंताचा सांधा औषधाने वाचतो आणि गरिबाचा झिजून जातो, हा वर्गभेद हाडापर्यंत पोहोचलेला आहे.

हे निर्णय घेतले कोणी, हेही पाहिले पाहिजे. मे 2020 मध्ये, साथ भरात असताना, नवी मुंबईच्या निर्वाचित सभागृहाची मुदत संपली आणि पुढे अनेक वर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. कोणता विभाग बंद करावयाचा आणि कोणता कोठे हलवावयाचा, याचा जाब विचारण्यासाठी नागरिकांचा प्रतिनिधीच सभागृहात नव्हता. प्रशासक कार्यक्षम असू शकतो. लोकशाहीला तो पर्याय होऊ शकत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी स्तुतीच्या समारंभात सामील न होता काही ठोस मागण्या घेऊन वस्त्यांत गेले पाहिजे. नेरुळ व ऐरोली येथील महापालिका रुग्णालयांपैकी निदान एकात, कोणतीही साथ आली तरी बंद न होणारा अपघात व अस्थिभंग विभाग हवा. साथीसाठी राखीव इमारत वेगळी हवी, चालते रुग्णालय रिकामे करून नव्हे. परिचारिका, तंत्रज्ञ व सफाई कामगार यांच्या कंत्राटी नेमणुका कायम झाल्या पाहिजेत, कारण संकटाच्या पहिल्या दिवशी उभे राहतात ते हेच लोक. राज्य विमा योजनेसाठी कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के वर्गणी घेतली जाते. त्या पैशाच्या बदल्यात औद्योगिक पट्ट्याला साजेशी अस्थिशस्त्रक्रियेची सोय मिळालीच पाहिजे. आणि नाक्यावर उभा राहणारा जो मजूर या योजनेत बसतच नाही, त्याच्यासाठी महापालिकेचे दार उघडे राहिलेच पाहिजे.

पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. मात्र त्या दिवशीही तुर्भ्याच्या बाजारात कोणीतरी पोते उचलीत असेल, हे निश्चित आहे. त्याचा पाय मोडला तर त्याला खाडी ओलांडावी लागू नये, एवढी व्यवस्था करणे या धनवान शहराला अशक्य नाही. ती करावयास भाग पाडणे हे संघटित कष्टकऱ्यांचे काम आहे.