यॉर्कशायर टेरियर : गिरणगावातला उंदीरमार आणि 'टीकप'चा बाजार

१/ 'टीकप यॉर्की' नावाची कुत्र्याची जात अस्तित्वात नाही. ब्रिटनचा केनेल क्लब ती मानत नाही, अमेरिकन केनेल क्लबही मानत नाही. तरीही चहाच्या कपात बसवून छायाचित्र काढलेले पिल्लू याच नावाने चढ्या भावात विकले जाते. या फसवणुकीचे मूळ १९व्या शतकातील उत्तर इंग्लंडमध्ये आहे. (थ्रेड)

२/ यंत्रमागांनी स्कॉटलंडमधील हातमाग विणकरांच्या पोटावर पाय आणला. १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अनेक कुटुंबे कामाच्या शोधात यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या गिरणगावांत उतरली. त्यांच्यासोबत लांब केसांचे छोटे टेरियरही आले. स्थानिक कुत्र्यांशी त्यांचा संकर होऊन नवी जात घडू लागली.

३/ या कुत्र्याला नेमून दिलेले काम होते. गिरणी असो वा खाण, उंदरांचा सुळसुळाट सर्वत्र होता. १८३५च्या कायद्याने बैल व अस्वलांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले. उंदीर मारण्याच्या पैजा मात्र गुत्त्यांतून पुढेही चालू राहिल्या. खेळ क्रूरच होता. पण त्यात टिकणारा कुत्रा चपळ, निर्भय आणि काटक असावा लागे.

४/ या जातीचा आद्यपुरुष मानला जातो हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५. ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर यांनी त्याला प्रदर्शनांत उतरवले आणि त्याने ७०हून अधिक बक्षिसे मिळवली. १८७१ मध्ये घोडागाडीखाली सापडून तो मेला. बेन स्वतः आजच्या मान्य वजनाहून जड होता; त्याची पिल्ले मात्र त्याच्यापेक्षा लहान निघत. प्रदर्शनाला नेमके हेच हवे होते.

५/ तोवर हा कुत्रा 'स्कॉच टेरियर' म्हणून ओळखला जाई. १८७०च्या सुमारास, यॉर्कशायरमध्ये झालेली सुधारणा पाहता त्याला त्या परगण्याचेच नाव द्यावे, असा आग्रह सुरू झाला. नाव बदलले, तसे घरही बदलले. विणकराच्या चुलीपाशी झोपणारा कुत्रा धनिकांच्या दिवाणखान्यात गेला आणि उंदरांऐवजी केसांची लांबी मोजली जाऊ लागली.

६/ वर्गीकरणातही हा तिढा दिसतो. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघ यॉर्कशायरला टेरियर गटात ठेवतो. ब्रिटन आणि अमेरिकेतील केनेल क्लब त्याला 'टॉय' गटात बसवतात. टॉय म्हणजे खेळणे. सजीवाला असे नाव दिले की त्याच्याशी तसेच वागण्याची मुभा आपोआप मिळते.

७/ दोष केवळ विक्रेत्यांचा नाही. ब्रिटिश मानकानुसार या जातीचे वजन ३.२ किलोपर्यंत असावे. अमेरिकन मानकही ७ पौंडांवर जाऊ देत नाही. दोन्हीकडे कमाल मर्यादा आहे, किमान मर्यादा नाही. वरचे दार बंद करून खालचे सताड उघडे ठेवले गेले. बाजार त्याच दाराने आत शिरला.

८/ 'टीकप' घडते कसे? वेतातील सर्वांत खुरटी पिल्ले निवडून त्यांचीच पुढे पैदास केली जाते. कधी पिल्लाला मुद्दाम कमी खाऊ घालतात, तर कधी त्याचे वय वाढवून सांगतात. खुरटेपणा ही एरवी काळजीची खूण. येथे तोच किमतीचा आधार ठरतो.

९/ परिणाम शरीर भोगते. अतिलहान पिल्लाला काही तास अन्न मिळाले नाही, तर रक्तातील साखर घसरून झटके येऊ शकतात. श्वासनलिका दबणे, गुडघ्याची वाटी सरकणे, आतड्यांकडून येणारे रक्त यकृताला वगळून जाणे, हे विकार या जातीत आधीच अधिक आढळतात. केवळ आकार पाहून केलेली पैदास ते पुढच्या पिढीत पोहोचवते.

१०/ यावर स्मोकीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात सैनिकांना सापडलेली ही यॉर्की जेमतेम ४ पौंडांची होती. फिलिपिन्समधील लिंगायन येथे तिने धावपट्टीखालच्या सुमारे ७० फुटी अरुंद नळातून तार ओढून नेली. उदाहरण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा. स्मोकी निसर्गतः लहान आणि धडधाकट होती. तिला कोणी खुरटवले नव्हते.

११/ देखभालीचे नियमही या इतिहासातूनच निघतात. अंगावर आतली लव नाही. केस रेशमी, माणसाच्या केसांसारखे वाढत राहणारे. म्हणून रोज विंचरणे आवश्यक आणि थंडीत ऊब आवश्यक. जमिनीपर्यंत लोळणारे केस ही प्रदर्शनाची हौस आहे, ते कातरून आखूड ठेवण्यात कुत्र्याचे काहीच बिघडत नाही.

१२/ गळ्यात पट्टा न अडकवता छातीवरचा हार्नेस वापरावा, श्वासनलिकेवर ताण येत नाही. दात लवकर किडतात, दुधाचे दात अडकून राहतात. घासणे आणि तपासणी टाळू नये. रोज चालणे, हुंगणे, शोधणे हवेच. कडेवर वागवलेला टेरियर दिवसभर भुंकतो, तेव्हा तो बेरोजगार असतो.

१३/ भारतातही या नावाने जाहिराती चालतात. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे आणि ८ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही. ग्राहकाने नोंदणी क्रमांक मागावा, पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. टाळाटाळ झाली तर परत फिरावे.

१४/ यंत्राने ज्यांचे हात रिकामे केले, त्या माणसांनी हा कुत्रा घडवला, आणि कामासाठी घडवला. त्याला कपात बसवणारा बाजार त्याचे आरोग्य तर हिरावतोच, त्या माणसांची आठवणही पुसतो. मागणी थांबली की 'टीकप' संपेल. यॉर्कशायर टेरियर मात्र उरेल. (समाप्त)