तोंडी परीक्षेसाठी तोंड उघडा
इंग्लंडमध्ये एप्रिल-मे आला की अकरावीतल्या, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची जीसीएसई या शालेय परीक्षेतली स्पॅनिशची तोंडी परीक्षा येते. एकूण गुणांपैकी २५ टक्के गुण तिथे असतात, आणि तरी घरोघरी तयारी चालते ती वहीत. हे मला मनापासून खटकतं. मुलं उत्तरं लिहितात, सुधारतात, पाठ करतात. शिक्षकांनी प्रश्न जरा फिरवून विचारला की सगळं पाठांतर अडकतं. २०२६पासूनच्या नव्या परीक्षेत तर छोटा उतारा मोठ्यानं वाचून दाखवायचा आहे आणि मग त्याच विषयावर प्रश्न. या वाचनासाठी तिकडच्या मराठी घरांतल्या मुलांची जीभ आधीच बरीच तयार असते. स्पॅनिशचे पाच स्वर आपल्या आ, ए, इ, ओ, उ यांच्या अगदी जवळचे. त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, आणि शब्दारंभीचा ‘एच’ मुका. आई-बाबांना स्पॅनिश येत नसलं तरी समोर बसून वाचन ऐकता येतं, आणि त्यानं खूप फरक पडतो. परीक्षेआधी तयारीला १५ मिनिटं मिळतात, टिपणं काढता येतात. तेव्हा पूर्ण वाक्यं लिहीत बसू नये. क्रियापदं लिहावीत, काळांसकट: काल गेलो, आज जातो, उद्या जाणार. प्रश्न कळला नाही तर ‘पुएदे रेपेतीर?’ (पुन्हा सांगता का?) असं बेधडक विचारावं. गप्प बसण्याला गुण नाहीत. विशेषणाचं लिंग चुकलेल्या वाक्याला, अर्थ पोचला तर, मिळतात.