पोटखराबा

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. खातेदाराच्या क्षेत्रातला जो भाग लागवडीस अयोग्य, तो या नोंदीखाली जातो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कित्येक गावांत हा भाग बराच मोठा, कारण इथल्या टेकड्यांचा माथा म्हणजे जांभ्याचा सपाट कातळ. लोक त्याला सडा म्हणतात. ‘पोटखराबा’ हा शब्द वर्णनपर वाटतो, पण तो अभिप्राय आहे आणि तोही एकाच बाजूचा. एखाद्या कवितेतल्या विशेषणाची आपण जितकी झडती घेतो तितकी या शब्दाचीही घ्यावी, असे आम्हांस वाटते. शेती आणि जीवसृष्टीचे रक्षण यांची सांगड कशी घालावी, हा कोकणातला वाद पुष्कळदा या एका शब्दानेच आधी निकालात काढलेला असतो. जे खराब ठरले, त्याचे रक्षण कशासाठी करायचे?

मे महिन्यात सडा पाहणाऱ्याला ही नोंद खरी वाटेल. काळाकुट्ट तापलेला दगड, सुकलेले गवत, एखादे खुरटे झुडूप. जूनमध्ये पाऊस लागला की त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साठते, बोटभर मातीच्या थरात गवत येते आणि जुलैत दिपकाडीची पांढरी फुले दिसतात. दिपकाडी हा कंद मूळचा कोकणातलाच. मागोमाग सीतेची आसवे उमलतात. मातीत पोषण इतके कमी की ही निळी-जांभळी फुले धरणारी वनस्पती सूक्ष्म जीव पकडून आपली गरज भागवते. सुट्या दगडांखाली राहणारी एक लहानशी पाल १९६३ साली याच जिल्ह्यातल्या नमुन्यांवरून शास्त्राला प्रथम ठाऊक झाली. डबक्यांच्या कडेने देवभात उगवते, म्हणजे आपल्या शेतातल्या भाताचा रानातला भाऊबंद. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, आपसूक उगवलेले खायचे, हा नेम ज्यांनी घालून दिला त्यांच्या लेखी ही जमीन खराब नसावी. शिवाय सड्यावर पडलेला पाऊस सच्छिद्र जांभ्यातून झिरपून खालच्या वाड्यांच्या विहिरींना आणि झऱ्यांना मिळतो. पाणी वाडीत, खराबा डोंगरावर, अशी ही हिशेबाची वाटणी आहे!

१९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना आणली. या योजनेने कोकणातल्या छोट्या शेतकऱ्याच्या हाती काही दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिथे भाताचे दोन-चार तुकडे आणि मुंबईहून येणारी मनीऑर्डर यांवर घर चालत होते, तिथे हापूस आणि काजू यांनी रोख पैसा आणला. पण उतारावरची वरकस जमीन संपली की बाग सड्यावर चढते. तिथे सुरुंगाने किंवा यंत्राने कातळ फोडून खड्डे घ्यायचे, बाहेरची माती आणून ते भरायचे, सुटे दगड वेचून भोवती गडगा घालायचा. पालीचे घर गडग्यात गेले, डबके खड्ड्यात गेले. आणि कागदावर मात या साऱ्याची नोंद होते ‘पडीक जमीन लागवडीखाली आली’ अशी.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर हे पाच जिल्हे त्यात आहेत. या मानांकनामागचा विचार असा की फळाची चव त्याच्या भूमीतून येते, म्हणून नावावर हक्कही त्या भूमीचा. विचार आम्हांस मान्य आहे. मग ती भूमी फोडून आणि परक्या मातीने भरून काढलेल्या फळाने कोणत्या भूमीचे नाव सांगावे? मोहोरावर तुडतुडे आणि फुलकिडे येतात, त्यांच्यासाठी फवारण्या होतात; आणि त्याच मोहोराचे परागीभवन ज्या माश्यांवर व इतर कीटकांवर अवलंबून असते, त्यांनाही त्या फवारण्या सोडत नाहीत. आंबा पिकवण्याची अढी भाताच्या पेंढ्याची. भातशेतीच ओस पडली तर ती कशाची घालायची? हापूसची बाग एकटी उभी राहू शकत नाही, हे आंब्याचा जुना बागायतदार कोणत्याही तज्ज्ञाआधी सांगेल.

इथे एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. या विषयावर लिहिणारे पुष्कळ जण जुन्या शेतीकडे, म्हणजे नाचणी-वरी, राब, आलटून-पालटून टाकलेली वरकस यांकडे, हरवलेल्या स्वर्गासारखे पाहतात. ती पद्धत जमिनीला विसावा देत होती खरी. पण ती कसणारे कूळ खोताच्या दारात उभे होते. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले आणि खोती नष्ट करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडले. नाचणी सोडणाऱ्याने केवळ आळसाने सोडली नाही. वानर-माकडे आणि रानडुकरे यांनी राखण अशक्य केली, हेही एक कारण आहे. जैवविविधतेचा हा चेहरा शहरातल्या निसर्गप्रेमींना भेटत नाही. तेव्हा ‘शेतकऱ्याने निसर्ग राखावा’ असे बजावण्याआधी राखणीचा खर्च कोणी सोसायचा, हे ठरले पाहिजे. संगमेश्वर तालुक्याच्या परिसरात बेहड्याच्या जुन्या झाडांची फळे प्रमाणित करून विकण्याचा जो प्रयोग झाला, तो आम्हांस म्हणूनच महत्त्वाचा वाटतो: अशा झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, आणि झाड तोडण्यापेक्षा राखण्यात मालकाला पैसा दिसतो. असा हिशेब सड्यासाठी अजून कोणी मांडलेला नाही. कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेले. रत्नागिरीच्या सड्यांच्या वाट्याला चिरेखाणी आल्या. त्यांच्यावरची कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत पोचली, तेव्हा कुठे या दगडाला थोडी इज्जत मिळाली. माणसाने कोरले तेवढेच दगडावर आहे, असा समज मात्र त्याने झाला तर वाईट.

या दुर्लक्षाचा काही वाटा आपल्या साहित्याकडेही जातो. प्रादेशिक कादंबरी म्हणून आपण जे शिकवतो त्यात कोकण असते ते आगराचे: माडपोफळी, पाट, खाडी, देऊळ. ‘गारंबीचा बापू’ १९५२ सालची; तिच्या सुपारीबागांनी मराठी वाचकाचे कोकण घडवले, आणि ते समर्थपणे घडवले. सडा या लेखनात येतो तो बहुधा ओलांडायचा उजाड रस्ता म्हणून. महसूल खात्याचा अभिप्राय आणि लेखकाचा अभिप्राय एकच निघावा, ही गोष्ट समीक्षेने कधीतरी नोंदवायला हवी होती.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगाव लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. ती अनेकदा परक्या माणसाकडून, मुदत गाठण्यासाठी भरून घेतली जाते. तिच्यात स्थानिक नावाचा रकाना असतो. सड्यावरच्या कोणत्या गवताला गुराखी काय म्हणतो, कोणत्या डबक्याला कोणते नाव आहे, कोणता कंद कोणत्या नक्षत्रात वर येतो, हे सांगणारी माणसे आता सत्तरीपुढची आहेत. त्यांची बोली ऐकून नीट लिहून घेणे हे काम वनस्पतिशास्त्राच्या विभागापेक्षा मराठीच्या विभागाला अधिक चांगले जमेल. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पदव्युत्तर वर्गाला प्रकल्प द्यावे लागतातच. येत्या पावसाळ्यात दोन-चार गावांचे सडे त्यासाठी घ्यावेत, अशी आमची सूचना आहे.