शार्दोनेचं खानदान

'पुलिन्यी-मॉन्त्राशे' हे नाव घेताना वाइनच्या दर्दी लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. फ्रान्सच्या बर्गंडीतलं हे छोटंसं गाव, शार्दोने द्राक्षाची पांढरी वाइन आणि सोबत ठरलेलं पुराण: शुद्ध परंपरा, शतकांचं घराणं. यातला 'शुद्ध' हा शब्द मला साफ नामंजूर आहे.

आधी नाव बघा. हे गाव मुळात नुसतं पुलिन्यी. मॉन्त्राशे हा उतारावरचा मळा, शेजारच्या शासान्य गावातही पसरलेला, सगळा मिळून जेमतेम ८ हेक्टर. त्याची कीर्ती एवढी की १८७९ मध्ये दोन्ही गावांनी ते नाव आपल्या नावाला जोडून घेतलं. तेव्हापासून गावाच्या खालच्या, सपाट जमिनीतली वाइनही मॉन्त्राशेचं नाव लावून विकली जाते. आमच्या ऑफिसात याला रिब्रँडिंग म्हणतात.

आता कूळ. १९९९ साली डीएनए तपासणीतून शार्दोनेचे आईबाप सापडले. एक पीनो, बर्गंडीचं मानाचं द्राक्ष. दुसरं ग्वे ब्लां, गरीब शेतकऱ्यांच्या कमी प्रतीच्या जमिनीत वाढणारं, हलकं म्हणून हिणवलेलं. याच जोडीचं आणखी एक अपत्य म्हणजे गामे. १३९५ मध्ये बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने फर्मान काढून गामेच्या वेली उपटायला सांगितल्या. एका भावंडाला हद्दपारी, दुसऱ्याला सिंहासन! आणि पुलिन्यीतल्या सर्वोच्च 'ग्राँ क्रू' मळ्यांपैकी एकाचं नाव आहे बातार-मॉन्त्राशे. बातार म्हणजे अनौरस. तरीही खानदानाच्या गप्पा चालूच.

"पण तिथली माती?" हा प्रश्न रास्त आहे. उतार, चुनखडी, पाण्याचा निचरा यांनी चवीत खरंच फरक पडतो. पण एकट्या मॉन्त्राशे मळ्याचे डझनाहून जास्त मालक आहेत आणि प्रत्येकाची वाइन वेगळी. छाटणी कशी करायची, द्राक्षं कधी तोडायची, वाइन पिंपात किती दिवस ठेवायची, हे माणसं ठरवतात. 'ग्राँ क्रू'ची पदवी मात्र मिळते मळ्याला. १९७६ मध्ये पॅरिसला लेबलं झाकून चाचणी झाली. त्यात पुलिन्यीची बाटली होती, बातार-मॉन्त्राशेही होती. फ्रेंच परीक्षकांनी पहिला नंबर दिला कॅलिफोर्नियाच्या शार्दोनेला. एका चाचणीने सगळं सिद्ध होत नाही, मान्य. पण लेबल झाकलं की पदवी दिसत नाही, एवढं नक्की कळतं.

जन्मावरून पायरी ठरवायची आणि तिला निसर्गनियम म्हणायचं, हा खेळ आपल्याला नवा नाही. म्हणून तो काचेच्या ग्लासातून आला तरी ओळखायला हवा. ती वाइन उत्तम असेल, तर श्रेय मातीला द्या, मळ्यात राबणाऱ्या हातांना द्या, हिणवलेल्या ग्वे ब्लांलाही द्या. शुद्ध रक्ताला देऊ नका. ते त्या वेलीत कधी नव्हतंच.